फंडेड अकाउंट टिकवायचं कसं? आधी तुमचं खरं भांडवल ओळखा

तुमच्याकडून सध्या सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच आहे: "दादा, स्ट्रॅटेजी बरी आहे, पण फंडेड अकाउंट महिनाभरात उडतं. डिसिप्लिन कशी आणायची?" आज त्यावरच बोलूया. थोडी आकडेमोड आहे, पण शाळेतल्या टक्केवारीपलीकडची नाही.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुम्ही भारतात राहत असाल, तर फॉरेक्सला १९९९ चा फेमा कायदा लागू होतो. एलआरएसखाली परदेशी ब्रोकरला मार्जिनचे पैसे पाठवता येत नाहीत. एनएसई, बीएसईवर रुपयाच्या जोड्या आहेत, पण मे २०२४ पासून तिथेही तुमच्याकडे खरं परकीय चलनाचं देणंघेणं असायला हवं. आरबीआयने सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची अॅलर्ट लिस्ट काढली आहे, ती वाचा. लिस्टमध्ये नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ काढू नका. लंडन, दुबईतून ऐकणाऱ्यांनी तिथले नियम बघायचे. बाकीच्यांना आजचं गणित फुकटच्या डेमोवर करून बघता येईल.

आता मुद्द्याकडे. प्रॉप फर्म म्हणते, "हे घ्या १ लाख डॉलरचं अकाउंट." बहुतेक ठिकाणी हे अकाउंट सिम्युलेटेड असतं आणि नियम साधारण असे: एका दिवसात ५ टक्क्यांपेक्षा जास्त तोटा नको, एकूण १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे १० हजार डॉलर गेले की खेळ खलास. उरलेल्या ९० हजारांना तुम्ही कधीच हात लावू शकत नाही. मग तुमचं खरं भांडवल किती? १० हजार. १ लाख हा फक्त स्क्रीनवरचा आकडा.

"मी तर फक्त १ टक्का रिस्क घेतो" असं म्हणणारा मुलगा एका ट्रेडमध्ये १ हजार डॉलर लावतो. त्याच्या खऱ्या भांडवलाचा तो दहावा हिस्सा झाला. २ टक्के लावणारा तर पाच चुकलेल्या ट्रेडमध्ये घरी.

"पण सलग पाच कुठे चुकतात?" चुकतात. समजा तुमची स्ट्रॅटेजी चांगली आहे. १०० पैकी ४० ट्रेड जिंकते आणि जिंकल्यावर रिस्कच्या दुप्पट देते. लांब पल्ल्यात ही फायद्याची सिस्टिम आहे. तरीही १०० ट्रेडमध्ये कुठेतरी सलग ५ तोटे येणं जवळपास ठरलेलं असतं, आणि सलग ८ येण्याची शक्यता साधारण निम्मी असते. इथे तुमची चूक काहीच नाही. नाणं उडवलं तरी सलग छापा येतोच ना? प्रश्न एवढाच, की तो पट्टा संपेपर्यंत तुमचं अकाउंट जिवंत आहे का.

म्हणून रिस्क १ लाखावर काढू नका, उरलेल्या बफरवर काढा. बफरच्या ५ टक्के, एवढंच. बफर १० हजार असेल तर ५०० डॉलर. घसरून ८ हजार झालं तर ४००. मग लॉट काढायचा: युरो-डॉलरमध्ये एका स्टँडर्ड लॉटला एक पिप म्हणजे १० डॉलर. स्टॉप लॉस २५ पिपचा असेल, तर एका लॉटला २५० डॉलर जातील. ५०० च्या रिस्कमध्ये २ लॉट. आधी स्टॉप, मग लॉट. आपण नेमकं उलटं करतो. आणि हो, काही फर्ममध्ये ड्रॉडाऊन ट्रेलिंग असतो, म्हणजे नफ्याबरोबर मर्यादाही वर सरकते. तिथे बफर रोज नव्याने मोजा.

ही कल्पना नवी नाही. १९८३ साली शिकागोत रिचर्ड डेनिस आणि त्याचा सहकारी विल्यम एकहार्ट यांच्यात वाद झाला: ट्रेडिंग शिकवता येतं का? डेनिसने पेपरात जाहिरात देऊन माणसं निवडली, दोन आठवडे शिकवलं आणि ट्रेड करायला स्वतःचे पैसे दिले. हेच ते टर्टल ट्रेडर. आजच्या भाषेत फंडेडच, फक्त पैसे खरे होते. त्यांचा एक नियम होता: अकाउंट १० टक्के घसरलं, की ते २० टक्के लहान झालंय असं समजून पोझिशन काढायची. घसरणीत साइज कमी. आपण मात्र तोटा भरून काढायला लॉट वाढवतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरवर लोड वाढला की सर्किट ब्रेकर आपोआप पडतो. रात्री तीन वाजता कोणीतरी शांत डोक्याने निर्णय घेईल, या भरवशावर सिस्टिम चालत नाही. तुमचंही तसंच हवं. दिवसात दोन स्टॉप लॉस लागले, की लॉग आउट. स्टॉप लॉस ऑर्डरसोबतच टाकायचा, मग तो मागे सरकवायचा नाही. अमेरिकेचे नोकऱ्यांचे आकडे बहुतेक महिन्यांत पहिल्या शुक्रवारी येतात, आपल्याकडे संध्याकाळी ६ ला, हिवाळ्यात ७ ला. त्या वेळी पोझिशन नको. कारण स्टॉप लॉस म्हणजे गॅरंटी नव्हे. १५ जानेवारी २०१५ ला स्विस बँकेने १.२० ची मर्यादा अचानक काढली, तेव्हा कित्येकांचे स्टॉप खूप खालच्या भावाला लागले.

शेवटचं, पैशांबद्दल. चॅलेंजची फी हा खर्च आहे, जर्नलमध्ये लिहा. पाच वेळा फी भरून एकदा पेआउट आला, तर स्टेटसला फक्त पेआउट दिसतो, हिशोबात सहाही ओळी हव्यात. आणि एका पेआउटवर नोकरी सोडू नका. सेबीच्या अभ्यासानुसार २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत इक्विटी एफ अँड ओ करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. बाजार वेगळा असला, तरी ट्रेड करणारी माणसं आपल्यासारखीच. घरचा ईएमआय ट्रेडवर अवलंबून असला, की स्टॉप लॉस सरकवायला हात शिवशिवतोच.

तर या आठवड्याचा होमवर्क: तुमचे मागचे ५० ट्रेड काढा, सलग सगळ्यात जास्त किती तोटे आले ते मोजा, आणि आजच्या लॉट साइजने तेवढेच दुप्पट आले तर बफर उरतं का ते बघा. उरत नसेल, तर सोमवारी लॉट कमी करूनच बसा. तुमचा आकडा मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!