नवे यंत्र आणि कामगाराचा हक्क



१९७० च्या आगेमागे सातपूरला 'मायको'चा कारखाना उभा राहिला आणि डिझेल इंजिनात इंधनाचा फवारा सोडणारे नोझल नाशिकमध्ये घडू लागले. नोझलची सुई आणि तिचे घर यांतील फट अवघ्या काही मायक्रॉनांची. ती साधणारा हात आयटीआयमध्ये आणि यंत्रापुढे घालविलेल्या वर्षांत तयार झाला. २००८ मध्ये 'मायको'चे नाव 'बॉश' झाले. त्र्यंबक रस्त्यावरील चौक मात्र मायको सर्कलच राहिला.

पुढे तंत्र बदलले. पूर्वी पंपाच्या यांत्रिक रेट्याने इंधन ढकलले जाई. 'कॉमन रेल' पद्धतीत वातावरणाच्या हजारपटींहून अधिक दाबाने साठविलेले इंधन इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने सुटते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारत स्टेजची पाचवी पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट सहावी लागू करण्याचे ठरविले. या धुराचा मारा रस्त्यालगत राहणाऱ्या आणि राबणाऱ्या श्रमिकांनाच अधिक सोसावा लागतो. म्हणून कामगार चळवळीने या सुधारणेचे स्वागतच केले पाहिजे.

प्रश्न उरतो तो सुधारणेची किंमत कोणी मोजावी हा. २०१९ च्या मंदीत नाशिकच्या याच कारखान्यात उत्पादनबंदीचे दिवस जाहीर झाले. अशा वेळी कायम कामगाराच्या पाठीशी संघटना असते. कंत्राटी कामगाराच्या आणि अंबड-सातपूरच्या लघुउद्योगांत सुटे भाग घडविणाऱ्याच्या पाठीशी कोण? आता तर विजेवरची मोटार आली आहे. तिला नोझल लागतच नाही. कालच्या बदलात कामाची रीत पालटली. या बदलात कामच नाहीसे होण्याचा धोका आहे.

यंत्रसामग्री वा तंत्र यांतील सुधारणेमुळे कामगारकपात संभवत असेल, तर मालकाने २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी, असे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ९-अ सांगत असे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद कायम ठेवण्यात आली. परंतु २१ दिवसांत संकटाची वर्दी मिळते, नवे कौशल्य मिळत नाही.

म्हणून संघटनांनी मागणी अधिक आधी, यंत्राची खरेदी ठरते तेव्हाच, मांडली पाहिजे. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर प्रशिक्षणाचा करार व्हावा, शिकण्याच्या काळात पूर्ण वेतन मिळावे आणि कंत्राटी कामगारही त्या करारात असावा. लघुउद्योगांतील कामगारांसाठी आयटीआयची दारे संध्याकाळी उघडी राहावीत व त्याचा खर्च बड्या कारखानदारांनी आणि शासनाने उचलावा. ज्यांच्या हातांनी हा उद्योग उभारला, त्यांना नव्या यंत्रापुढे उभे राहण्याचा पहिला हक्क आहे.