आम्ही दोघी मोटारीने गेलो त्याची हकीकत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा शब्द चुकला तर हसा, पण मनातल्या मनात. चिटणीसबाई म्हणाल्या, "भाद्रपदात तुम्ही दोघी दोन दिवस कोठे हिंडून आलात ते सांगा." गल्लीत त्याची चर्चा पुष्कळ झालीच आहे. खरी हकीकत माझ्या तोंडून ऐकलेली बरी.

माझ्या मैत्रिणीचे नाव मी घेत नाही, तुम्ही ओळखालच. तिचे यजमान जाऊन अडीच वर्षे झाली. त्यांची मोटार अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. मुलगा पुण्याहून म्हणे, विकून टाक. हिने काय करावे? शिकवणी लावली, परवाना काढला आणि मला म्हणाली, "विकायच्या आधी एकदा लांब न्यायची आहे. येतेस?"

लग्न, बारसे आणि दहावे यांखेरीज मी जळगाव सोडून कधी गेले नव्हते. घरी विचारले. हे म्हणाले, "चाक बदलता येते का तुम्हांला?" सासूबाई धान्य निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जाय माय, भाकरी मी करसु." मग कोण अडवणार?

गौरी-गणपती आटोपल्यावर पहाटे निघालो. बरोबर कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि केळी. एरंडोलपासून आत वळलो की जंगलात पद्मालय आहे. तेथे गणपतीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी, एक उजव्या सोंडेची, एक डाव्या. पुढे तळे कमळांनी भरलेले. जवळच भीमकुंड, बकासुराला भीमाने तेथे मारले असे सांगतात. आम्ही पायरीवर बसून भाकरी खाल्ली. घरी कोणाला वाढायचे नाही, कोणाची वाट पाहायची नाही, याचेच मला सारखे नवल वाटत होते.

पारोळ्याचा किल्ला भर गावात आहे. 1727 साली जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी तो बांधला. झाशीच्या राणीचे माहेरचे तांबे घराणेही पारोळ्याचेच. किल्ला पाहून निघालो आणि पुढे मोटारीचे मागचे चाक बसले. यांची वाणी खरी ठरली! ट्रक भरधाव जात होते. मी रडकुंडीस आले. हिने मात्र पदर खोचला, आधी नट ढिले केले, मग जॅक लावला. पाना फिरेना तेव्हा मी त्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले. एक मेंढ्यावाला पोरगा सबंध वेळ उभा राहून पाहत होता, शेवटी म्हणाला, "झालं का, मावशी?" झाले होते.

धुळ्यास तिच्या बहिणीकडे मुक्काम केला. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यासच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने निघालेले संशोधन मंडळ बाहेरून पाहिले. धुळ्याच्याच तुरुंगात 1932 साली विनोबांनी अठरा रविवारी गीतेचे अठरा अध्याय सांगितले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. आमच्या घरी ते पुस्तक आहे, पण ते इतक्या जवळचे आहे हे माझ्या ध्यानात नव्हते.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावावरून पाटणादेवीस गेलो. हे सारे गौताळा अभयारण्याचे रान. डोंगर हिरवेगार, कड्यावरून पाणी पडत होते. येथल्या शिलालेखाची गोष्ट मोठी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने येथे मठ काढला आणि 1207 साली त्याला दान मिळाले, असा तो लेख आहे, डॉ. भाऊ दाजी यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांनी 1150 साली गणिताचा ग्रंथ लिहिला, त्यातला एक भाग लीलावती. दंतकथा अशी की लीलावती ही त्यांची मुलगी. घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त चुकला. कोणी म्हणतात लग्नच झाले नाही, कोणी म्हणतात लवकर वैधव्य आले. बापाने तिच्यासाठी गणित लिहिले आणि तिलाच हाक मारून उदाहरणे घातली.

ही गोष्ट मी मोठ्या हौसेने सांगत होते. ती ऐकत होती. देवळाबाहेर ओटी विकणारी म्हातारी कुंकवाचे ताट घेऊन पुढे आली, तशी हिने सवयीने हात मागे घेतले आणि दोन पावले सरली.

भगिनींनो, गेल्या संक्रांतीला आपल्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणाची वही मी लिहिली होती. वीस वर्षे तिचे नाव माझ्या नावाच्या खाली असे. त्या वर्षी ते मी गाळले. मला कोणी सांगितले नव्हते. वाईट दिसेल, तिलाच वाईट वाटेल, असे मनाशी म्हणत मी गाळले.

तेथे पायरीवर मी तिला हे सांगितले. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. वही माझ्या दारावरून पुढे गेली. अक्षर तुझे होते." मग म्हणाली, "उशीर होईल, चल." भडगाव येईपर्यंत आम्ही बोललो नाही. भडगावास चहा घेतला, पैसे तिने दिले.

मोटार तिने अजून विकलेली नाही. आज ती येथे आलेली नाही. बोलावले होते, पण पुढच्या वेळी पाहू म्हणाली. येत्या संक्रांतीची वही मी लिहून ठेवली आहे आणि तिचे नाव माझ्या नावाखाली पूर्वीच्या जागी घातले आहे. उद्या सकाळी वही गल्लीत निघेल. कोणास काही म्हणावयाचे असेल तर तिच्याकडे न जाता माझ्याकडे यावे. चहा मी करीन.