मजकूर एकीकडे, पोशाख एकीकडे



संगणकावर मराठी मजकूर कसा जुळवावा, हा आजचा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. संतवाङ्मय, इतिहास, नाटक यांच्या पंगतीला हा पाहुणा कोठून आला, असे ते मनात म्हणत असतील. पण आमच्या खारघराकडे पाहा. येथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रबंध लिहितात, गृहनिर्माण संस्थांचे चिटणीस दरसाल अहवाल लिहितात आणि सेवानिवृत्त मंडळी आठवणी लिहितात. हे सारे संगणकावर लिहिले जाते, आणि वीस वर्षांनी ते उघडेल की नाही, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

ही भीती काल्पनिक नव्हे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावरचे मराठी हे बहुधा इंग्रजीचे सोंग असे. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर 'क'चे चित्र ठेवावयाचे, दुसऱ्या क्रमांकावर वेलांटीचे. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राच्या पोटात मात्र निरर्थक रोमन अक्षरे. कोणते चित्र कोठे ठेवावे, हे प्रत्येक फॉन्टकर्त्याने आपापल्या मर्जीने ठरविले. तो फॉन्ट हरपला की मजकूरही हरपला. अशा कित्येक फाइली आज कपाटांत पडून आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे निर्णयसागरी पुस्तक आपण सहज उघडून वाचतो आणि १९९५ सालचा अहवाल वाचता येत नाही, ही गोष्ट आम्हाला लाजिरवाणी वाटते.

या दुखण्याचे मूळ असे की, मजकूर आणि त्याचा पोशाख यांची आपण गाठ मारून टाकली. खिळ्यांच्या छापखान्यात तसे नव्हते. लेखक हस्तलिखित देई. मथळा कोणत्या खिळ्यात, समास किती, हे छापखाना ठरवी. हस्तलिखित वेगळे, फर्मा वेगळा. संगणक आल्यावर लेखकच कंपॉझिटर झाला, आणि वाक्य लिहिता लिहिता अक्षर जाड करण्यात त्याचा निम्मा वेळ जाऊ लागला.

ही गाठ ज्याने पुन्हा सोडविली, तो गृहस्थ मुद्रक नव्हता, गणिती होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड नूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघावयाची होती. १९७७ साली त्याची प्रुफे हाती आली, तेव्हा छायाक्षरजुळणीने केलेली ती पाने त्यांना इतकी कुरूप वाटली की, आपणच जुळणीची आज्ञावली लिहावी असे त्यांनी ठरविले. काही महिन्यांत उरकेल असे वाटलेल्या कामाला सुमारे दहा वर्षे लागली. तिचे नाव टेक्. शेवटचे अक्षर ग्रीक 'खी' आहे; तेव्हा आपण 'टेख' म्हटले तरी मूळ उच्चाराच्या फार दूर जाणार नाही. या आज्ञावलीचा गाभा त्यांनी गोठवून टाकला आहे. चुका तेवढ्या दुरुस्त होतात, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिच्या आवृत्तीचा आकडा 'पाय' या संख्येच्या एकेका दशांशाने जवळ सरकतो. ती कोणाच्याही मालकीच्या परवान्यात अडकलेली नाही. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लेटेक् हा सोपा साज चढविला, आणि आज बहुतेक लोक तोच वापरतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. 'टेक् लाइव्ह' नावाचा संच फुकट मिळतो. १९९६ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. संपूर्ण घेतला तर काही गिगाबाइट जागा खातो, म्हणून रात्री उतरवून घ्यावा. मग साध्या मजकुराची एक फाइल करावयाची. पहिल्या ओळीत हा लेख आहे, अहवाल आहे की पुस्तक, ते सांगावयाचे. पुढे भाषा मराठी आणि फॉन्ट अमुक. त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर. मथळा द्यावयाचा असेल तर उलटी तिरकी रेघ, तिच्यापुढे 'सेक्शन' हा शब्द आणि महिरपी कंसात मथळा. तो किती मोठा, कोणत्या क्रमांकाचा, हे तेथे लिहावयाचेच नाही. मग ही फाइल यंत्राला वाचावयास द्यावी, की छापण्याजोगे पान तयार होऊन येते.

नवशिक्यांना दोन गोष्टी हटकून अडवतात. एक म्हणजे टक्क्याचे चिन्ह. टेक्च्या लेखी त्या चिन्हापुढील ओळ ही लेखकाची खासगी टीप, छापावयाची नव्हे. चिटणीसांनी थकबाकीवरील व्याजाचा दर लिहून सरळ ते चिन्ह टाकले, तर त्या ओळीतले पुढचे सारे शब्द मुकाट्याने गडप होतात, आणि सर्वसाधारण सभेत भलताच गोंधळ उडेल! त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी. दुसरी गोष्ट अनुक्रमणिकेची. पहिल्या खेपेस ती कोरीच येते, कारण कोणते प्रकरण कोणत्या पानावर, हे यंत्राला अजून ठाऊक नसते. पहिल्या खेपेस ते पानांची टाचणे बाजूच्या फाइलीत करून ठेवते, दुसऱ्या खेपेस ती वाचून अनुक्रमणिका भरते. म्हणून दोनदा चालवावे.

टेक्चे खरे सौंदर्य मात्र परिच्छेदात आहे. खिळे जुळवणारा ओळीमागून ओळ भरीत जाई. एखादा लांब शब्द मावला नाही की ती ओळ विरळ, पुढची दाट. नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत संपूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेतला जातो. ओळ ताणली गेली की दोषाचे गुण, दाबली गेली की दोषाचे गुण, शब्द तोडला तर दंड. आणि साऱ्यांची बेरीज सर्वांत कमी येईल अशी मांडणी निवडावयाची. शेवटच्या ओळीतल्या अडचणीसाठी पहिली ओळ थोडी हलते. मराठीत 'अंमलबजावणीसंबंधीच्या' यासारखे लांबलचक शब्द पावलोपावली येतात, म्हणून हा हिशेब आपल्या फार उपयोगाचा आहे.

मराठीपर्यंत ही विद्या सावकाश आली. १९९१ साली हॉलंडमधील ग्रोनिंगन येथील फ्रान्स वेल्थुइस यांनी देवनागरीची सोय केली, पण मजकूर रोमन लिपीत लिहून तो आधी दुसऱ्या आज्ञावलीतून गाळून घ्यावा लागे. २००४ साली जोनाथन क्यू यांचे झीटेक् आले आणि सरळ युनिकोड देवनागरीत लिहिता येऊ लागले. फॉन्टाचे काम तर आपल्या शेजारीच झाले: पवईच्या आयआयटीतून निघालेला 'शोभिका' हा मोफत फॉन्ट राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' या फॉन्टावर आधारलेला आहे.

फॉन्टाची ही चर्चा कोणाला चैनीची वाटेल. पण 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत केवढे अंतर आहे! पहिल्या निरोपाने विद्वान येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. तो अर्धा र मराठीचा जीव आहे, आणि जो फॉन्ट तो चुकवितो तो मराठीच्या कामाचा नाही. आमच्या गावाचेच नाव घ्या. जुन्या वळणाच्या 'ख'मध्ये र आणि व सुटे दिसत. 'खारघर'चे कोणी 'रवारघर' वाचले तर दोष वाचणाऱ्याचा नव्हे. लखनौच्या १९५३ च्या लिपिपरिषदेने त्यांचे पाय जोडावेत असे ठरविले. ल आणि श यांची मराठी वळणे शासनाने २००९ च्या निर्णयात दिली आहेत. ज्या फॉन्टात मराठी आणि हिंदी दोन्ही वळणे असतात, त्यात भाषा मराठी असल्याचे वर एकदा सांगितले की योग्य वळण आपोआप येते.

हे सर्वांनी सर्व कामांना वापरावे, असा आमचा आग्रह नाही. लग्नपत्रिकेला किंवा जाहिरातीला ते कशाला? शिवाय यंत्राच्या तक्रारी इंग्रजीत येतात आणि पहिला आठवडा त्रासाचा जातो. गाभा स्थिर असला तरी भोवतालची पूरक साधने बदलत असतात, हेही मान्य केले पाहिजे. पण समजा उद्या झीटेक् नाहीसे झाले, तरी साध्या युनिकोड मजकुराची मूळ फाइल कोठेही उघडेल. हरवेल तो पोशाख.

शिकू इच्छिणाऱ्यांना पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लेटेक्चे पाठ मिळतील. आणि ज्या संस्थांचे जुने अहवाल आता संगणकावर उघडत नाहीत, त्यांनी निदान छापील प्रत रद्दीत घालू नये. ती पुढे ठेवून मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकून घ्यावा, आकडे दोघांनी मिळून ताडून पाहावेत, आणि मूळ फाइल व तयार पान या दोन्हींच्या प्रती चिटणीस बदलताना नव्या चिटणीसाच्या हवाली कराव्यात.