जॉर्ज इन : एका पांथशाळेची उरलेली बाजू

लंडनमध्ये टेम्सच्या दक्षिणेस, सदर्क भागात ‘जॉर्ज इन’ नावाची जुनी पांथशाळा आहे. १६७६ च्या आगीत ती जळाली. १६७७ मध्ये पुन्हा बांधली गेली. मध्ये चौक, भोवती लाकडी सज्जे आणि सज्जांवर उघडणाऱ्या खोल्या. चौकात घोडागाड्या थांबत, खाली मद्यपान चाले, उतारू वर निजत. पुढे आगगाडी आली आणि घोडागाड्यांचे दिवस सरले. १८८९ मध्ये तर रेल्वे कंपनीनेच हिच्या बाजू पाडल्या. दक्षिणेची तेवढी उरली. १९३७ मध्ये त्याच कंपनीच्या वारस कंपनीने ती नॅशनल ट्रस्टला दिली. सज्जांची अशी पांथशाळा आज लंडनमध्ये हीच एक. पाडण्यापासून जपण्यापर्यंत ४८ वर्षे गेली. शहाणपण उशिरा आले. पण जपायला काही शिल्लक होते, म्हणून ते कामी आले.