विज्ञानकथा : एका हौशी वाचकाचे मत

मी विज्ञानाचा पंडित नव्हे. गोष्टीच्या ओढीने वाचणारा. आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, हस्ताक्षरही पत्नीचे! म्हणजे बक्षीस मिळाले ते कथेला, नावाला नव्हे. आपण मात्र नाव पाहून टाळ्या वाजवितो. पुष्कळ मराठी विज्ञानकथांतली पात्रे बोलत नाहीत, वर्ग घेतात. इथेच प्रभातने १९३२ साली ‘मायामच्छिंद्र’ काढला; त्यातले चमत्कार खोटे हे कोणाला कळत नव्हते? पण तिथे गोष्ट होती. ‘वामन परत न आला’मधला वामन तर निव्वळ यंत्रमानव, तरी त्या रात्री मी दिवा मालवला नाही.