व्यापाऱ्यांचा सल्ला, सरकारांचा निर्णय



देशादेशांत व्यापाराचे करार होतात, नेते सह्या करतात. पण करारानंतरही माल बंदरात का अडतो, एकच कागद दोन ठिकाणी का मागितला जातो, हे निर्यातदाराला विचारावे. त्याला ते रोजच भोगावे लागते. म्हणून धोरण ठरत असतानाच त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे.

आशिया-पॅसिफिक भागात तशी रीतसर सोय आहे. १९८९ साली कॅनबेरा इथे 'एपेक' या सहकार्य-मंचाची सुरुवात झाली. आज त्यात २१ सदस्य आहेत. १९९५ साली त्यांच्या नेत्यांनी उद्योजकांची एक कायम सल्लागार परिषद स्थापन केली. प्रत्येक सदस्याकडून जास्तीत जास्त तीन उद्योजक, आणि त्यांची नेमणूक खुद्द त्या त्या नेत्याकडून. ही परिषद दरवर्षी आपला अहवाल नेत्यांना देते आणि शिखर परिषदेच्या वेळी त्यांच्याशी समोरासमोर बोलते.

व्यापाऱ्याची अडचण सरकारांनी मनावर घेतली की काय होते, हे एपेकच्या प्रवास-कार्डावरून कळते. व्यापारी आपल्याच देशात एक अर्ज करतो. सहभागी सरकारे तो आपापल्या परीने तपासतात. ज्यांनी मंजुरी दिली, त्यांची नावे कार्डावर नोंदवली जातात. त्या देशांत कामासाठी थोड्या मुदतीचा प्रवास असेल, तर दर वेळी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही आणि विमानतळावर वेगळी, जलद रांग मिळते. व्यापाऱ्याचे हेलपाटे वाचले, आणि कुणाला येऊ द्यायचे हा सरकारचा अधिकारही शाबूत राहिला.

सगळेच सल्ले असे पटकन मार्गी लागत नाहीत. साऱ्या एपेक क्षेत्राचा एकच मुक्त व्यापार करार करावा, असे या परिषदेने २००४ मध्ये सुचवले. तो करार अजून झालेला नाही. मला यात वावगे वाटत नाही. शेतकरी, कामगार, ग्राहक यांचेही हित सरकारला पाहावे लागते. मोठ्या कंपन्यांचाच आवाज चढू नये म्हणून लहान उद्योजकांना या परिषदेत जागा हवीच, आणि दिलेला सल्ला जनतेसमोर उघड असायला हवा.

भारत एपेकचा सदस्य नाही. आपल्या दक्षिण आशियात 'सार्क' या प्रादेशिक संघटनेतल्या देशांच्या उद्योजकांची संयुक्त संस्था १९९२ पासून आहे. पण सार्कच्या नेत्यांची शेवटची शिखर परिषद २०१४ साली काठमांडूला भरली. सल्ला द्यायला उद्योजक तयार आहेत, पण तो ऐकून निर्णय घेणारी सरकारेच एकत्र बसत नाहीत. राजकीय मतभेद मिटायला वेळ लागेल. तोवर निदान सीमेवरची तपासणी, मालाची प्रमाणपत्रे, व्यापाऱ्यांचे व्हिसा एवढ्या तीन गोष्टींवर तरी शेजारी सरकारांनी उद्योजकांना सोबत घेऊन बोलायला बसावे. त्याचा पहिला फायदा दोन्ही बाजूंच्या लहान व्यापाऱ्याला होईल.