चढलेले मद्य आणि घरगुती उतारे



आमच्या गोव्यात लग्नाच्या मांडवात काजूची फेणी असते आणि तिच्या जोडीला उताऱ्याच्या युक्त्याही असतात. कोणी लिंबाचे सरबत सुचवितो, कोणी आंबट ताक, कोणी कडक काळी कॉफी, तर कोणी डोक्यावर गार पाण्याची घागर! काही वर्षांपूर्वी अशाच एका मांडवात माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मीच दोन पेले कॉफी पाजली. त्याचे डोळे उघडले, बोलणे सावरले. “सर, आता मी ठीक आहे,” असे म्हणून त्याने स्कूटर सुरू केली, आणि पहिल्याच वळणावर तो शेतात कोसळला. खांद्याचे हाड मोडले. सुदैवाने प्राण वाचले.

गणित शिकविणाऱ्या माझे गणितच त्या रात्री चुकले होते. ते असे आहे. रक्तात मिसळलेल्या मद्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग यकृत नाहीसा करते; उरलेला अल्प अंश श्वास, घाम व मूत्र यांवाटे जातो. सामान्यतः दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम, एवढीच यकृताची चाल. लिंबू, ताक वा कॉफी ती वाढवीत नाहीत. कॉफी झोप उडविते, मद्य नव्हे. आणि आपण सावध झालो, हा खोटा भरवसा मात्र देते. आधी पोटभर जेवले असता मद्य रक्तात सावकाश उतरते, हे खरे. पण एकदा उतरल्यावर जेवण ते परत खेचीत नाही. वांतीनेही ते रक्तातून निघत नाही.

आता हिशोब करा. रात्री अकराला प्रमाण १०० असेल, तर १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील ३० च्या मर्यादेपर्यंत यावयास पहाटेचे सुमारे पावणेचार वाजतील. पूर्ण ओसरावयास त्यापुढे आणखी दोन तास!

बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर काहीच ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. त्यास कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये व डॉक्टरांना बोलवावे.

तेव्हा मांडवातील वडीलधाऱ्यांनो, पाहुण्याच्या हाती लिंबूपाणी अवश्य द्या, त्याने तहान भागेल; पण गाडीची किल्ली आपल्या खिशात ठेवा आणि त्याच्यासाठी चटई अंथरा. मद्यावर खरा उतारा एकच, आणि तो म्हणजे वेळ. त्या रात्री तो माझ्या हाती होता. मी दिला नाही.